साबणाचं पाणी

"हात म्होरं. आता पालथं."

आमच्या अंगणवाडीतल्या मदतनीस मावशींची सकाळ या दोन हुकमांनी सुरू व्हायची. पोरं ओळीत हात पुढं करून उभी राहायची. मावशी एकेक नख बघायच्या आणि मग चक्क हाताचा वास घ्यायच्या. "ह्यो हात शेळीला लावलाय. पळ, धुऊन ये." पोरगं तोंड वासून बघायचं, कारण ते खरंच शेळीशी खेळून आलेलं असायचं.

पळसदेवच्या अलीकडं आमचं गाव. मी तिथली सेविका. स्वच्छतेचे तक्ते मी भिंतीला लावले, गाणी मी म्हटली. सवय लावली ती मावशींनी. पंधरा ऑगस्टला लाडू वाटायला आलेल्या सरपंचांनाही त्यांनी सोडलं नाही. "आबा, हात म्होरं." बिचारे गुपचूप बादलीपाशी गेले.

ती बादली ही मावशींची युक्ती. साबणाची वडी पोरांच्या हाती दिली की दुपारपर्यंत मातीत जायची. म्हणून त्या घरोघरचे झिजलेले तुकडे मागून आणायच्या आणि बादलीत भिजत घालायच्या. दुधासारखं पांढरं पाणी व्हायचं. "पांढऱ्या पाण्यात हात बुडवा, चोळा, मग नळाखाली धरा." मला केवढं कौतुक! सेविकांच्या बैठकीत मी त्या बादलीचे फोटो दाखवले होते. आता ते बघवत नाहीत.

त्याच ओळीतली आरोही पाच वर्षांची होती. घरी बापालासुद्धा हात पालथे करायला लावायची. एका रविवारी आई तिला घेऊन एका द्राक्षबागेत मजुरीला गेली. दुपारी आईनं भाकरी सोडली तेव्हा पोर म्हणाली, "हात धुऊन येते." बांधावर कुणीतरी फवारणीचं औषध कालवून बादली उघडीच ठेवली होती. ते औषध पाण्यात पडलं की पाणी दुधासारखं पांढरं होतं. तिनं हात बुडवले, नीट चोळले. नळ तिथं नव्हताच. तशाच ओल्या हातांनी ती भाकरी खायला बसली. इंदापूरच्या दवाखान्यात नेलं, पण संध्याकाळी पोर गेली.

आम्ही दोघी भेटायला गेलो तेव्हा तिची आई मावशींच्या गळ्यात पडली. "मावशी, लई गुणाची हुती माझी पोर. तुमी शिकवलं तसं हात धुऊनच जेवाय बसली." त्या बोलण्यात दोष द्यायचा हेतू अजिबात नव्हता. दिला असता तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

परत येताना मी म्हणाले, "मावशी, चूक बादली उघडी टाकणाऱ्याची."

"व्हय. पर पांढऱ्या पाण्यात हात बुडवाय तिला त्यानं न्हाय शिकवलं."

त्या युक्तीचं कौतुक गावभर मीच केलं होतं.

दुसऱ्या दिवशी बादली दिसली नाही. मावशींनी तांब्या आणला होता. नळाचं पाणी त्यात भरायच्या, पोरांसमोर घोटभर वरून प्यायच्या आणि मगच एकाच्या हातावर ओतायच्या. पुन्हा भरायच्या, पुन्हा प्यायच्या. "नळ तर तोच आहे ना?" मी विचारलं. त्यांनी तांब्या पुन्हा नळाखाली धरला. पोरांना मात्र रोज बजावायच्या, "मोठ्या माणसानं पिऊन दावल्याबिगर पाण्याला हात लावायचा न्हाय."

वास घेणं मात्र बंद झालं. सरपंचांची गंमत आठवून मी एकदा त्यांना हसवायला गेले, तर पदर तोंडाला लावून उठून गेल्या. उन्हाळ्यात त्यांनी काम सोडलं आणि बावड्याला भावाकडं निघून गेल्या. माझा फोन उचलत नाहीत.

नव्या मदतनीस बाईंनी पहिल्याच दिवशी पोरांना नळापाशी नेलं, नळ सोडला. पोरं हात पाठीमागं घेऊन उभी राहिली. पाणी वाहून चाललं, तरी एकही पुढं होईना. बाई चिडल्या. तेव्हा ओळीतली सगळ्यात धाकटी माझ्याकडं बघून म्हणाली, "बाई, आधी पिऊन दावा की."

मी ओंजळ धरली आणि प्यायले. मग पोरांनी हात पुढं केले.