पाव गोळी

सिस्टरबद्दल लिहायला मी योग्य माणूस नाही, हे आधीच सांगतो. त्यांची माझी ओळख जेमतेम आठवडाभराची, तीही प्राण्यांच्या दवाखान्यात आणि फोनवर. त्या कुठे राहायच्या, घरी कोण होतं, यातलं मला काहीच ठाऊक नाही. मी विचारलं नाही. मला असं विचारायला जमत नाही. गेल्या महिन्यात त्या वारल्या. डॉक्टरांनी दवाखान्यात एक वही ठेवली आहे, ज्याला जे आठवेल ते लिहा म्हणून. लोकांनी चार-चार ओळी छान लिहिल्या आहेत. माझं चार ओळींत मावेना, म्हणून घरी बसून वेगळ्या कागदावर लिहितो आहे.

आमच्याकडे एक बोका आहे. हिने त्याचं नाव भाऊसाहेब ठेवलं, कारण बशी समोर ठेवली तरी तो आधी लांबून बघतो आणि मग उपकार केल्यासारखा येतो. वय चौदा. दोन वर्षांपासून मूत्रपिंडं अधू आहेत.

एका सकाळी तो पलंगाखालून बाहेर येईना. दोनदा उलटी झाली होती. पाठ वर काढून, पाय पोटाखाली घेऊन बसला होता. पोटाला हात लावला तर ते दगडासारखं लागलं. घुरघुरत मात्र होता. ही बाजारात गेली होती. त्यानंतर मी जे केलं ते लिहिताना अजून हात आखडतो. माझ्या गुडघ्याच्या गोळीचे मी सुरीने चार तुकडे केले, एक चमच्याखाली चुरला आणि बोटाने त्याच्या तोंडात सारला. मला या गोळीने आराम पडतो, त्यालाही थोडा पडेल, एवढाच विचार केला.

दुपारपर्यंत त्याने डोळे जवळजवळ मिटून घेतले. ही म्हणाली, "उठा. टोपली काढा."

दवाखान्यात सिस्टर पहिल्यांदा दिसल्या. बुटक्या, मनगटावर पुरुषी घड्याळ, दोन्ही हातांवर जुने ओरखडे. त्यांनी टोपली टेबलावर ठेवली, झाकण काढलं आणि भाऊसाहेबांना बाहेर न काढता अर्ध्या अंगावर टॉवेल टाकला. मग बाजूला सरकून घड्याळ बघत उभ्या राहिल्या. डॉक्टरही हात मागे बांधून थांबले.

"तपासायचं नाही का?" हिने विचारलं.

"तपासतेय, काकू. हात लावला की घाबरतो. मग भीती किती आणि दुखणं किती, ते कळत नाही."

"पण घुरघुरतोय. म्हणजे बराय ना?"

"दुखतानाही घुरघुरतात. स्वतःची समजूत घालतात. कान बघा, बाहेर वळलेत. डोळे बारीक. मिशा ताठ. मान खांद्याच्या खाली." दोन मिनिटं झाल्यावर त्यांनी भिंतीवरच्या फळ्यावर दुखण्याचा आकडा लिहिला: दहापैकी आठ. मगच डॉक्टर पुढे झाले. स्वादुपिंडाला सूज असावी, असं ते म्हणाले.

"घरी काही औषध दिलंत?"

"छे," ही म्हणाली. "मी बाहेर होते आणि यांना तर चहासुद्धा करता येत नाही."

डॉक्टर हसले. मीही हसलो.

डॉक्टर म्हणाले, दुखणं थांबवणारं इंजेक्शन देतो, तासाभराने घरी न्या, रक्त उद्या तपासू. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच ती गोळी आठवली. बोलायला तोंड उघडलं, पण हिच्याकडे बघून मिटलं. बोका हिचा. मी नुसता घरात असतो.

डॉक्टर इंजेक्शन आणायला आत गेले. सिस्टर म्हणाल्या, "काकू, हा टॉवेल ओला झालाय. मागे नळ आहे, जरा धुऊन आणता?"

ही गेली. सिस्टरांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

"पाव की अर्धी?"

"पाव," मी म्हणालो.

"कसली?"

"गुडघ्याची. साडेनऊला." मग विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"टोपलीपासून तुम्ही किती लांब उभे आहात बघा. आणि दिली का म्हणून मी विचारतच नाही. सगळे नाही म्हणतात."

"मरेल का?"

"माहीत नाही, काका." त्यांनी धीर दिला नाही. "माणसाची गोळी मांजराला सोसत नाही. त्यात याची मूत्रपिंडं अशी. आज कळलं ते बरं. उद्या कळून काय करणार होतो?"

त्यांनी आत जाऊन सांगितलं. लगेच रक्त काढलं, सलाइन लावलं, घरी न्यायचं रद्द झालं.

"हिला कोण सांगणार?" मी हळूच विचारलं.

"ते तुमचं काम."

मी रस्त्यात सांगितलं. ही थांबली, माझ्याकडे नीट बघितलं आणि चालू लागली. पुढचे तीन दिवस तिने मला जेवायला वाढलं, पण हाक मारली नाही.

त्या तीन दिवसांत मी रोज सकाळी पिंजऱ्यासमोर स्टुलावर बसायचो. रक्तातला मूत्रपिंडाचा आकडा पहिल्या दिवशी वाढला, दुसऱ्या दिवशी आणखी वाढला. सिस्टर उभ्यानेच डबा खायच्या. एकदा म्हणाल्या, अकरा वर्षं त्या लहान मुलांच्या वॉर्डात होत्या. "पोरं निदान रडतात. हे लपतात." त्यांच्याबद्दल मला मिळालेली एवढीच माहिती. तिसऱ्या दिवशी आकडा वाढायचा थांबला. चौथ्या दिवशी भाऊसाहेबांनी बशीकडे लांबून बघितलं.

घरी नेताना सिस्टरांनी औषधाचे थेंब दिले. दर आठ तासांनी, गालाच्या आत, घशात नाही. देण्याआधी दोन मिनिटं नुसतं बघायचं आणि रोज सकाळी दुखण्याचा आकडा फोनवर कळवायचा. थेंब टाकताना माझा नेम चुकायला लागला की ही न बोलता येऊन माझं मनगट धरायची.

नंतर रक्त पुन्हा तपासलं तेव्हा आकडा निभावण्यासारखा निघाला. पण त्या दिवशी दवाखान्यात दुसऱ्याच बाई होत्या. सिस्टर आजारपणाच्या रजेवर गेल्या होत्या आणि परत आल्या नाहीत. त्यामुळे आदल्या सकाळचा फोन, तोच शेवटचा. मी दहापैकी दोन सांगितले.

"चालेल. उद्या रक्ताला आणा."

"किती वाजता?"

"दहाला. आधी नका येऊ, कुत्री असतात."

"उपाशी ठेवू?"

"कशाला? खाऊ दे त्याला." मग म्हणाल्या, "काकू बोलतात का?"

"बोलते. थोडं."

"बरं. ठेवते."