मागच्या खोलीतली खाऱ्या पाण्याची टाकी

माझी मैत्रीण पन्नाशीच्या तोंडावर लग्न करून नाशिकला गेली. आम्ही दोघी तळोद्याला एकाच सरकारी कार्यालयात कामाला होतो आणि अकरा वर्षं एकाच घरात राहत होतो. घर माझ्या नावावर होतं, पण पडदे, भांडी, कुंड्या, अंगणातला झोपाळा, सगळं दोघींनी मिळून घेतलेलं. ती सोलापूरकडची. तिच्या भावाने कुठूनसं एक स्थळ आणलं. बायको वारलेले, मुलं मार्गी लागलेले गृहस्थ. दोन-तीनदा भेटली आणि हो म्हणाली. मला सांगितलं तेव्हा मी भाजी निवडत होते. मी म्हटलं, "छान झालं." ती म्हणाली, "तू चिडली नाहीस ना?" मी म्हटलं, "चिडायचं काय त्यात?"

स्वेच्छानिवृत्ती घेऊन ती गेली. ऑफिसात पेढे वाटले, भाषणं झाली. घरातून एका टेम्पोत तिचं सामान गेलं. एखाद्या बाईचा नवरा गेला, आई गेली, तर लोक भेटायला येतात, चार दिवस डबा पाठवतात. घरात सोबत राहणारी मैत्रीण गेली तर कुणी काही विचारत नाही. उलट माझंच अभिनंदन झालं. "मॅडम, आता अख्खं घर तुमचंच!" असं आमच्या शिपायाने मनापासून म्हटलं.

मागची खोली तिची होती. तिथे फक्त एक खोका राहिला होता. "हा नंतर नेईन," असं म्हणाली होती. मी त्या खोलीचं दार लावून घ्यायचे. मग दार लावलेलं पाहिलं की जास्तच चमत्कारिक वाटायचं, म्हणून उघडं ठेवायचे.

बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही दोघी गुजरातच्या किनाऱ्यावर फिरायला गेलो होतो. तिथे एके ठिकाणी ओहोटीला समुद्र इतका मागे जातो की प्रवाळाच्या खडकांमधून चालता येतं. घोट्याएवढ्या पाण्यात जिवंत प्रवाळ, कुणी तपकिरी, कुणी हिरवट, त्याच्या आड खेकडे, मधूनच एखादा चपटा मासा. तिला पाय टाकायची भीती वाटत होती. मी मात्र तिथून हलायला तयार नव्हते. भरती सुरू झाली आणि वाटाड्याने अक्षरशः ओरडून मला बाहेर काढलं. परत आल्यावर मी गोड्या पाण्याची एक छोटी टाकी घेतली, पाच-सहा मासे पाळले. पण ते तपकिरी-हिरवं पाणी काही डोक्यातून गेलं नाही. रात्र रात्र मोबाईलवर समुद्री टाक्यांचे व्हिडिओ बघायचे. ती म्हणायची, "घेऊन टाक ना एकदाची." मी म्हणायचे, "ठेवू कुठे?"

आता जागा होती.

सुरतच्या एका टाकी बनवणाऱ्याकडून सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच काचेची टाकी करून घेतली. मागच्या काचेला भोकं पाडूनच आली. टाकीखालचा लोखंडी स्टँड इथल्याच वेल्डिंगवाल्याने केला. तो एरवी गेट आणि गोठ्याच्या जाळ्या करतो. त्याला वाटलं, मी दुकान टाकतेय. टाकी टेम्पोने आली त्या दिवशी चौघांनी ती उचलून आत नेली. त्यांतला एकजण पाणी पिता पिता म्हणाला, "मॅडम, घरात आणखी कोण कोण असतं?" मी म्हटलं, "मीच." त्याने एकदा टाकीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि ग्लास खाली ठेवला.

नळकाम मी स्वतः करायचं ठरवलं होतं. तत्त्व सोपं आहे. वरच्या टाकीतलं पाणी मागच्या भोकातून खालच्या छोट्या टाकीत उतरतं, तिथे गाळलं जातं, आणि एक पंप ते पुन्हा वर ढकलतो. म्हणजे एक नळी उतरणारी, एक चढणारी. कागदावर सोपं. दुकानात गेल्यावर प्रत्येक तुकड्यावर वाद. दुकानदाराने पितळी टाकी निपल पुढे केलं. काचेच्या भोकात बसवून दोन्हीकडून आवळतात ते निपल. "हे घ्या, आयुष्यभर चालेल." मी म्हटलं, "मला प्लास्टिकचंच हवं. पितळेत तांबं असतं, खाऱ्या पाण्यात उतरलं तर प्रवाळ मरतं." तो म्हणाला, "काय मरतं?" मी म्हटलं, "मासे." तेवढं त्याला पटलं.

शनिवार-रविवार नळ्या कापण्यात गेले. आधी सगळं कोरडंच जुळवून पाहायचं, मग पेन्सिलीने खुणा करायच्या, मग सोल्युशन लावून जोडायचं. सोल्युशनचा वास घरभर. हाताला चिकटलेलं निघता निघत नाही. तरी मला मजा येत होती. एक कोपरा बरोबर बसला की मी मोठ्याने "हं" म्हणायचे. मग आपलाच आवाज ऐकून गप्प व्हायचे.

अडलं ते निपलपाशी. निपल काचेच्या आतल्या बाजूने घालायचं, रबराची चकती बसवायची आणि बाहेरून नट फिरवायचा. बाहेरून नट फिरवला की आतलं निपलही सोबत फिरतं. म्हणून आतून कुणीतरी घट्ट धरायला लागतं. टाकी दोन फूट रुंद आणि स्टँडवर उंच. माझा एक हात आत आणि एक मागे, भिंतीच्या फटीत, असं होईना. स्टुलावर उभी राहून वाकले तर आतला हात पोचे, मागचा नाही. खाली उतरून मागे गेले तर आतलं सुटे. आत टॉवेल कोंबून पाहिला. विटेने दाबून पाहिलं. निपल फिरतच राहिलं. शेवटी पाना जमिनीवर टाकून मी भिंतीला टेकून बसले. ती असती तर तिने नुसतं हात आत घालून धरलं असतं. काही न विचारता, दुसऱ्या हातात चहाचा कप घेऊन.

पुढचे काही दिवस टाकी तशीच पडून राहिली. मग एका संध्याकाळी मी शेजारच्या भाबीला हाक मारली. वयाने माझ्यापेक्षा बरीच लहान. तिचा नवरा वर डोंगरात मोलगी गावाकडे जीप चालवतो, बाजाराच्या आदल्या दिवशी वरच राहतो. आमचं तोवर कपडे वाळत घालताना हसण्यापुरतंच होतं. ती पिठाचे हात पुसतच आली आणि दारातच थांबली.

"ताई, हाई काय मांडी ऱ्हायनात तुम्ही?"

मी तिला सांगितलं. तिला समुद्र वगैरे काही विशेष वाटलं नाही. "धरनं शे ना? मी धरस, तुम्ही फिरवा," असं म्हणून ती सरळ स्टुलावर चढली.

मी मागे फटीत शिरले. काचेपलीकडे तिचा हात दिसत होता, हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत सरकवलेल्या. मी नट फिरवला. निपल हललं नाही. दुसरं निपल बसवताना तिने सहज विचारलं, "त्या दुसऱ्या ताई कव्हय येतीन?"

घरात मी मराठीच बोलायचे, मैत्रिणीमुळे. पण मी शहाद्याजवळच्या ब्राह्मणपुरी गावात वाढलेली. तोंडातून आपसूक अहिराणी आली. "ती आते नही येवाव. तिन्हं लगीन व्हई गयं."

ती म्हणाली, "मंग तुमले करमत नही व्हई."

इतक्या दिवसांत मला हे कुणीच म्हटलं नव्हतं. मी फटीत होते, तोंड भिंतीकडे वळवलं. "नही करमत," असं मी म्हटलं, आणि पाना हातात घट्ट धरून तशीच उभी राहिले. तीही हात आत ठेवून तशीच थांबली. मग म्हणाली, "फिरवा ना ताई, मन्हा हात दुखी ऱ्हायना."

आधी साध्या पाण्याने सगळं तपासायचं असतं. बोअरच्या पाण्याने टाकी भरली, पंप चालू केला. सकाळभर पाहिलं, कुठे थेंब नाही. पंप चालूच ठेवून ऑफिसला गेले. दुपारी वीज गेली. वीज गेली की पंप थांबतो आणि चढत्या नळीतून पाणी उलटं खाली येतं. ते थांबावं म्हणून नळीच्या तोंडाजवळ, पाण्याच्या रेषेला एक बारीक भोक पाडतात. त्यातून हवा शिरली की ओघ तुटतो. मी ते भोक पाडलं होतं, पण चार बोटं खाली. तेवढं पाणी जास्त उतरलं आणि खालची टाकी भरून वाहिली.

भाबीचा फोन आला, "ताई, तुमना घरमाईन पानी ई ऱ्हायनं!"

मी रिक्षाने धावत आले. मागच्या खोलीत फरशीभर पाणी, आणि भिंतीशी ठेवलेला तिचा खोका खालून पूर्ण भिजलेला. भाबी आणि मी पोत्यांनी, खराट्याने पाणी काढलं. मग मी खोका उचलला तर बूड फाटून सगळं बाहेर आलं. एक गोधडी, एक इस्त्री, दोन स्टीलचे डबे, हिवाळ्याचा कोट. गोधडीने पाणी प्यायलं होतं. आम्ही दोघींनी दोन टोकं धरून पिळली.

संध्याकाळी मी तिला फोन केला. जणू माझ्या हातून काही मौल्यवान वस्तू मोडली होती. म्हटलं, "तुझा खोका भिजला गं. गोधडी वाळत घातलीय. इस्त्री चालतेय की नाही बघते."

"कुठला खोका?" तिने विचारलं.

मी सांगितलं.

"अगं, टाकून दे ना सगळं. तू अजून सांभाळून ठेवलंयस?" तिच्या मागे टीव्ही चालू होता. कुणीतरी तिला काहीतरी विचारलं, तिने फोनवर हात ठेवून उत्तर दिलं. मग म्हणाली, "बाकी बरं ना?"

"बरं आहे," मी म्हटलं. टाकीबद्दल सांगायचं राहून गेलं.

डबे भाबीने नेले. इस्त्री भंगारात दिली. कोट ऑफिसातल्या एका बाईला दिला. गोधडी वाळल्यावर मीच वापरायला काढली.

भोक नीट पाडलं. मग खरं काम सुरू झालं. बोअरच्या जड पाण्यात प्रवाळ जगत नाही, म्हणून फिल्टरचं पाणी थेंब थेंब जमवायचं, त्यात समुद्री मीठ घालून ढवळायचं, खारटपणा मोजायचा. आमच्या मीठ-मिरचीवाल्या किराणा दुकानात एकदा कुणीतरी विचारलं, "मॅडम पोतंभर मीठ आणतात म्हणे, लोणची घालतात का?" भाबीनेच सांगितलं मला, हसत हसत.

पाणी तयार झालं, दगड रचले, दिवा लागला, आणि पुढे कित्येक आठवडे काहीच झालं नाही. नव्या टाकीत जीव लगेच सोडता येत नाहीत, आधी दगडांवर अदृश्य जिवाणू वाढू द्यावे लागतात. काचेवर तपकिरी बुरशीसारखा थर चढला. भाबी यायची, बघायची, विचारायची, "मासा कोठे शेतस?" मी म्हणायचे, "अजून वेळ शे." मी रोज संध्याकाळी खुर्ची घेऊन त्या रिकाम्या, निळसर पाण्यासमोर बसायचे. पाणी उतरण्याचा आवाज यायचा, पंपाची घरघर. दिवसभर ऑफिसात माणसं, आणि घरी आल्यावर हा आवाज. शांततेपेक्षा तो बरा होता, एवढंच म्हणेन.

मग दोन नारिंगी मासे आले, पांढऱ्या पट्ट्यांचे. त्यांच्या मागोमाग मऊ प्रवाळाचे बोटभर तुकडे. आपल्या किनाऱ्यावरचं प्रवाळ उचलणं गुन्हा आहे, ते उचलूही नये. हे परदेशात टाक्यांमध्येच वाढवलेलं होतं. पहिले दोन दिवस ते मिटून बसलं. तिसऱ्या दिवशी ऑफिसातून आले तर त्याची फुलासारखी तोंडं उघडलेली. मी पर्स खांद्यावर तशीच ठेवून कितीतरी वेळ उभी होते. कुणाला तरी सांगावंसं वाटलं. भाबीच्या घराला कुलूप होतं. फोन हातात घेतला आणि परत ठेवला.

थंडीत मैत्रीण आली. शहाद्याला कुणाचं तरी लग्न होतं, जाता जाता दोघं तासभर थांबली. तिचे यजमान सज्जन आहेत, हळू बोलणारे. त्यांनी टाकीभोवती फिरून सगळं विचारलं, मी सगळं सांगितलं. ते हात धुवायला गेले तेव्हा आम्ही दोघीच त्या खोलीत होतो. तिची कॉट जिथे होती तिथेच ती उभी होती. खोली तिला ओळखू आली की नाही, मला कळलं नाही. मासे काचेजवळ आले, तिने बोट लावलं.

"हे सगळं तू एकटीनं केलंस?"

"निपल बसवताना शेजारच्या भाबीनं आतून धरलं."

"मला बोलावायचंस ना."

"आली असतीस?"

तिने खोटं बोलायचा विचार केला असावा. मग म्हणाली, "नसते आले बहुतेक." आणि माझ्या दंडाला हात लावला. तेवढ्यात यजमान रुमालाने हात पुसत आले आणि आम्ही चहाकडे वळलो. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी फाटकाशी उभी होते. आता तिचे फोन सणावारी येतात. मीही तेवढेच करते.

या उन्हाळ्यात भावाच्या मुलीच्या लग्नाला ब्राह्मणपुरीला गेले होते. घर पाहुण्यांनी भरलेलं. हळद, लग्न, पाठवणी, सगळं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी पिशवी भरली. वहिनी म्हणाली, "इतकी घाई कशाला? घरी कोण वाट बघतंय?"

पूर्वी मी सांगायचे, मैत्रीण एकटी आहे घरी. आता मी म्हटलं, "टाकीतलं पाणी उन्हाने उडतं. मीठ तसंच राहतं, पाणी कमी झालं की खारटपणा वाढतो, मासे मरतात. रोज साधं पाणी घालावं लागतं."

"शेजारणीला सांगायचं ना."

"तिला सांगितलंय. पण तरी."

वहिनीने डब्यात लाडू भरून दिले. शहाद्याहून बस मिळाली. भर दुपारी तळोद्याला उतरले. भाबीचं दार बंद होतं, वर मोलगीकडे गेली असावी. घरात आले, खिडकी उघडली. खालच्या टाकीतलं पाणी दोन बोटं उतरलं होतं. मासे समोर येऊन थांबले. मी पदर खोचला आणि बादली उचलली.