आक्कांचा उजवा खांदा

माझ्या थोरल्या जाऊबाई, आक्का, केस विंचरताना हात डोक्याकडं नेत नसत. डोकं वाकवून हाताकडं आणत. नवं माणूस बघतच राहायचं. आक्का म्हणायच्या, "हात रुसलाय, मग आपणच वाकावं."

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि लागोपाठ पावसानं दगा दिला होता. चाकूरजवळच्या आमच्या गावात तलावाचं सरकारी काम निघालं. आम्ही दोघी जावा मातीची घमेली वाहायचो. एकदा भरल्या घमेल्यासकट आक्का बांधावरून घसरल्या, उजव्या हातावर पडल्या. तेव्हापासून तो हात वर जाईना. मुकादम म्हणाला, "मोडलंय म्हणून डॉक्टरनं सांगू दे, पाणी पाजायला ठिवतो. न्हाई तर घमेलं उचलावंच लागंल."

सासूबाई आणि मी त्यांना लातूरला घेऊन गेलो. डॉक्टरांनी दोन्ही खांद्यांचे फोटो काढायला सांगितले.

"सायेब, चांगल्याला कशाला तरास?" आक्का म्हणाल्या.

फोटो उजेडाला धरला, तर उजव्या खांद्याच्या टोकाला हाडाचा तुकडा सुटा दिसत होता. आक्कांचा चेहरा उजळला. पण तसाच तुकडा डाव्या खांद्यातही होता.

डॉक्टर म्हणाले, "काही माणसांचं हाड असं सुटंच राहतं. हे मोडलेलं नाही. पण दुखतंय तोवर ओझं उचलू नका."

सासूबाईंनी 'मोडलेलं नाही' एवढंच ऐकलं. घरी येईपर्यंत त्याचं सोंग झालं. "फोटोत काय न्हाई, अन् ही उगं कण्हून राहिली!"

दुसऱ्या दिवशी आक्का कामावर आल्या. घमेलं मी त्यांच्या डोक्यावर चढवून द्यायची, त्या डाव्या हातानं धरायच्या. पुढं त्यांनी दुखतं म्हणायचंच सोडलं. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "फोटोत न्हाई, बाई."

बऱ्याच वर्षांनी त्यांच्या लेकीनं त्यांना नांदेडला दाखवलं. मी सोबत होते. तिथं मोठ्या मशीनमध्ये खांदा तपासला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हात उचलणारी स्नायूची दोरी तुटलीय. फार जुनं आहे. आता ती आखडली, शिवता येणार नाही. साध्या फोटोत नुसतं हाड दिसतं, दोरी दिसत नाही."

"म्हंजे पडले तवाच तुटली?"

"बहुतेक तेव्हाच."

आक्का ताडकन उठल्या. "चल गं, आत्याबाईला सांगू."

लेक माझ्याकडं बघायला लागली. सासूबाईंना जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. आक्कांच्याही ते ध्यानात आलं. त्या बाहेरच्या बाकावर बसल्या, पदर तोंडाला लावला.

मग मला म्हणाल्या, "तू तरी ऐकलंस न्हवं?"

"ऐकलं, आक्का."