मिठागरावरचा डाक्टर
परवा औषधाची गोळी जिभेवरच विरघळली आणि त्या कडू चवीसरशी भाईंदरचं मिठागर आठवलं. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत दर रविवारी मी तिथे हिवतापावरचं क्विनीन फुकट वाटायला जायचो. सेवा म्हणायचो खरा, पण ओढ निराळीच होती: घरात मला कोणी पाणीही विचारत नसे आणि तिथे माणसं हातातलं काम टाकून ‘डाक्टर आले’ म्हणत उठायची. त्यांची ती समजूत मी कधी मोडली नाही. एकदा एक आगरी कामगार म्हणाला, "डाक्टर, बायकोला ताप हाय. पायान शिंपला बी घुसलाय, जरा बघा ना." त्या चिघळलेल्या पायातलं मला काही कळत नव्हतं. तिला गाडीत घालून डॉक्टरकडे ने, एवढंच सांगायचं होतं; पण मग मी कोण उरलो असतो? "हिवतापच आहे," म्हणत मी तिच्या हातावर गोळ्या ठेवल्या. पुढच्या रविवारी झोपडीत तो एकटाच होता. तिची दातखीळ बसली ती सुटलीच न्हाय, गेली, म्हणाला. हिवताप नव्हताच; पायातल्या त्या जखमेतून धनुर्वात झाला होता. मग त्यानेच माझ्यासाठी बसायची फळी पुसली. "तुमी तरी येता, डाक्टर." त्या पुसलेल्या फळीवर मी बसलो. मी डॉक्टर नव्हतो, हे आज पहिल्यांदाच कोणाला तरी सांगतोय.