व्हिटॅमिनवाले तिघं

आमच्या वर्गाचे किस्से मुद्दाम कुणी जमवले नाहीत. पण आम्ही तिघं जेवायला एकत्र बसलो की एकाला एक आठवतो, त्यावरून दुसऱ्याला दुसरा, आणि भाजी गार होते!

तिघं म्हणजे दर्यापूरकडचा शेतकऱ्याचा मुलगा गणपत, परतवाड्याच्या भाजीवाल्या माळ्याची कुसुम आणि अकोल्याचा मी. महायुद्धाचे दिवस होते. अमरावतीच्या आमच्या कॉलेजात बी.एस्सी.नंतर आहारशास्त्राचा एक वर्षाचा नवा वर्ग निघाला आणि आम्ही नाव घातलं. हे शिकून पुढं काय व्हायचं, ते आम्हाला माहीत नव्हतं. शिकवणाऱ्या जोगळेकर सरांनाही नव्हतं! ते पुण्याचे, त्यामुळे तसं कबूल मात्र करत नसत.

*

पहिल्याच महिन्यात कुसुमचे वडील भाजीची टोपली घेऊन वर्गाच्या दारात उभे राहिले.

"सर, तुमी पोरीले काय शिकवून राहिले?"

सरांनी टोपलीतली मेथी उचलली. हिच्यात लोह आहे, संत्र्यात व्हिटॅमिन सी आहे, असं पंधरा मिनिटं समजावून सांगितलं.

"हे तं मी रोज इकतो," काका म्हणाले. "याच्यासाठी नोकरी कोन देते?"

सरांनी मेथी परत टोपलीत ठेवली. काकांनी टोपली उचलली.

"एक वर्स देतो. नोकरी लागली तं ठीक. नाई तं सोयरीक पाहून ठेवली हाय."

कुसुम त्या दिवशी जेवली नाही. तिला शिकायची विलक्षण हौस होती. पुढं वर्षभर आम्हाला परीक्षेपेक्षा तिच्या नोकरीचीच काळजी जास्त.

*

लॅबमध्ये पांढरे उंदीर होते. एका पिंजऱ्याला ज्वारीची भाकर, तुरीचं वरण आणि अंबाडीची भाजी. दुसऱ्याला आमच्या होस्टेलच्या मेसचं जेवण. ही कल्पना गणपतची.

काही आठवड्यांत भाकरीवाले टुणटुणीत झाले आणि मेसवाल्यांचे केस गळायला लागले! मी आणि गणपतनं आधी आरशात आपापलं डोकं पाहिलं. मग मेसच्या महाराजांना बोलावून पिंजरा दाखवला. त्यांनी बराच वेळ निरखून पाहिलं.

"उंदरं लाडावले तुमचे! पोरं तं काई बोलत नाईत!"

*

दिवाळीच्या सुट्टीत गणपत घरी गेला तो ज्ञान घेऊनच. आई भाजी उकडून पाणी निथळत होती. हा ओरडला, "माय, ते पानी फेकू नोको! सारं सत्त्व त्याच्यातच असते!"

"फेकते कोन? म्हशीले पाजतो आमी."

"म्हशीले काहून?"

"मंग दूध कोन पेते? तूच ना!"

गणपतनं हे सरांना सांगितलं. सरांनी वहीत टिपून घेतलं आणि खाली लिहिलं, "तपासून पाहणे."

*

शेवटच्या सहामाहीत आरोग्य खात्याचा सर्व्हे आला. नांदगाव खंडेश्वरकडच्या एका खेड्यात एका शेतकऱ्याच्या घरी जायचं, आणि स्वयंपाकाआधी धान्य आणि जेवताना प्रत्येकाचं ताट तोलायचं. आम्ही तराजू मांडून बसलो. पहिल्या दिवशी गव्हाच्या पोळ्या आणि वाटीभर तूप. दुसऱ्या दिवशी पुरण! आम्ही इमानदारीत सगळं तोललं.

आकडे पाहून सर हताश झाले. "लोक रोज एवढं खात असतील तर आपला वर्ग बंद करायला हवा!"

घरधन्याला विचारलं, तर तो म्हणतो, "पावने आले अन् वजनबी करून राहिले. मंग कमी कसं पडू द्याव?"

तिसऱ्या दिवशी कुसुमनं युक्ती केली. म्हणाली, आज माझा उपास. त्यांनी लगेच भगर आणि शेंगदाण्याची आमटी रांधली, आणि पाहुणी एकटी कशी राहील म्हणून सगळ्या घरानं उपास धरला!

शेवटी आम्ही निघालो आणि कुसुम एकटीच मागं राहिली, तराजूशिवाय. माळ्याची पोर ती, जुडी हातात घेऊन वजन सांगायची. आम्ही लॅबमध्ये तिला तपासलं होतं. चूक निघाली ती काट्याची! ती घरधनीण सरूबाईबरोबर चुलीशी बसली, भाकरी थापू लागली, आणि पाहुणी म्हणून तिच्यासाठी काही करायचं त्या घराला सुचेनासं झालं. तीन दिवसांचे आकडे घेऊन ती परतली. सरांनी रिपोर्ट जसाच्या तसा पुढं खात्याकडे पाठवला.

*

वर्ष संपता संपता अकोल्याच्या एका सरकारी दवाखान्यात रोग्यांचा आहार ठरवणाऱ्याची जागा निघाली. जागा एकच, उमेदवार आम्ही तिघंही. कुसुमचे वडील व्हरांड्यात येऊन बसले होते. सोयरीकवाले लोक दुसऱ्या दिवशी येणार होते.

कुसुम आत गेली. दार उघडंच होतं. खात्याच्या मोठ्या साहेबांच्या हातात तोच रिपोर्ट.

"बाई, तुमच्या हिशेबात चूक आहे. रोज भाकऱ्या थापल्या नऊ आणि खाल्ल्या साडेआठ. तिन्ही दिवस! सगळ्यांच्या नावापुढं पूर्ण आकडे, या सरूबाईपुढं तेवढी अर्धी. उरलेली अर्धी कुठं गेली?"

गणपतनं माझा हात घट्ट धरला. आकडे चुकवणाऱ्याला अशी जागा कोण देणार!

कुसुम पुस्तकी भाषा विसरली. "ते मी खाल्ली, साहेब. सारे जेवले की टोपल्यात एकच उरे. मले अर्धी देल्याशिवाय ते बाई घासच घेत नोती."

"मग रिपोर्टात तसं लिहिलं का नाही?"

"रकाना नोता, साहेब."

मग साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, पट्टी मागून घेतली आणि रिपोर्टातल्या शेवटच्या रकान्याशेजारी आणखी एक उभी रेघ आखली.

"कधीपासून याल?"