दोन शिफ्टांचा क्लब

क्लबांच्या विलीनीकरणाचं पत्रक मीच लिहिलं होतं, हे आधी सांगून टाकतो. बाकीचे नंतर शहाणे झाले.

नव्वदच्या दशकात सातपूरला आमचा क्लब म्हणजे कारखान्यातल्या पोरांचा फुटबॉल संघ. फर्स्ट शिफ्टचा आठवडा असला की अकराच्या अकरा हजर. सेकंड शिफ्ट लागली की सात, त्यातला एक चपलेवर. शेजारच्या कॉलनीतल्या क्लबाची रड तीच, फक्त आठवडा उलटा. दोन्ही एकत्र केले आणि दर आठवड्याला संघ उभा राहू लागला. दुसऱ्या मोसमात आम्ही वरच्या गटात गेलो. यात डावपेच वगैरे काही नव्हतं.

गोलमध्ये दादा. लेथवर काम करणारा पस्तिशीतला टर्नर, गोलचं पहिलं जाळं त्यानेच विणलेलं. एकदा तरी वरच्या गटात उभं राहायचंय, असं तो चहाच्या टपरीवरही सांगायचा.

वरच्या गटाला स्वतःचं मैदान लागायचं आणि मोसमाआधी जिल्हा संघटनेकडे द्यायची अठरा नावांची यादी. मैदान देवळाली कॅम्पातल्या एका क्लबाकडे होतं. म्हणून दुसरं विलीनीकरण. ‘एकजूट करा, वर टिका’ अशी पत्रकं मी गेटवर वाटली. मग कमिटी बसली. अठरा नावांत शिफ्टवाले परवडत नाहीत, असं जन्मात शिफ्ट न केलेले एक सदस्य म्हणाले. आमची पाच नावं उरली. गोलकीपर कॅम्पाचा. मी चिटणीस. यादीच्या बाजूने हात वर केला.

दुसऱ्या दिवशी दादा कारखान्याच्या गेटवर भेटला.

"यादी गेली?"

"गेली."

"मी?"

"नाहीस."

"बरं. मग मला ना-हरकत दे. खालच्या गटातला एक क्लब मला घेतोय. आपल्यासारखाच रडका आहे."

फॉर्मवर क्लब सोडण्याचं कारण लिहायचं असतं. मी ‘स्वेच्छेने’ लिहिलं. दादाने वाचलं.

"पत्रकात दोन-दोन पानं झोडतोस. इथं एका शब्दात उरकलंस होय?"

"काढलं म्हणून लिहिलं तर चौकशी लागेल. फॉर्म अडकेल, तुझा मोसम जाईल."

"म्हणजे मी खुशीने चाललोय."

"कागदावर."

त्याने सही केली. बोटांचं ऑइल कागदाला लागलं. भोंगा झाला तसा तो आत गेला.

वरच्या गटात आम्ही एकच मोसम टिकलो. दादा त्यात एकही सामना खेळला नाही.