बोल की गं, आज्जी

मीनाबाई एकट्याच राहतात, पण भरदुपारी त्यांच्या घरातून बोलण्याचा आवाज येतो. शेजारच्या अक्कम्माला आधी वाटलं, फोनवर असतील. एकदा ती विरजण मागायला आत आली, तर मीनाबाई रिकाम्या मोरीकडं बघून म्हणत होत्या, "बोलते की गं बाळा. सांग, काय झालं?"

हे कॅनडातून परतल्यापासूनचं. मुलगा यशपाल तिकडं नोकरीला. मुलगी झाली तेव्हा त्यानं आईला बोलावून घेतलं. सून तेजश्रीही कामावर जायची, त्यामुळं धम्मप्रिया वाढली ती आज्जीच्या मांडीवर, सोलापुरी बोलत. खिडकीतून बर्फ बघून म्हणायची, "लई गार हाय." पण शाळेत घातल्यावर पोर वर्गात तोंडच उघडेना. तिथल्या बाईंनी सुचवलं, घरी फक्त इंग्रजी बोला. यशपालनं आईला सांगितलं, आता तिच्याशी मराठीत बोलू नकोस, तिचं नुकसान होतंय.

मीनाबाईंना इंग्रजी येत नव्हतं. त्या गप्पच झाल्या. भरवायच्या, वेणी घालायच्या, सगळं खुणेनं. पोर पदर ओढायची, "बोल की गं आज्जी." त्या तोंड फिरवायच्या. पुष्कळ दिवस पोर पदर ओढत राहिली, मग तिनंही सोडून दिलं. तिला इंग्रजी आलं आणि यशपालनं आईला सोलापूरला आणून सोडलं. घर उघडलं त्याच दुपारी मोरीतून हाक आली, "बोल की गं आज्जी."

यंदा धम्मप्रिया आली. उंच झालेली, केस कापलेली. मीनाबाई भाकरी थापत होत्या. मागून हाक आली तशी सवयीनं म्हणाल्या, "व्हय गं, बोलते की." वळून बघतात तर नात दारात उभी, चेहरा उतरलेला. तिनं बापाला इंग्रजीत काहीतरी विचारलं. यशपाल सांगेना. मीनाबाईंनी पुन्हा पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाला, "तिला वाटायचं, तू मुकी आहेस, आई. आज्जी बोलायला कधी लागली, असं विचारतेय."

मीनाबाईंनी तवा उतरवला. नात जवळ बसली. त्या तिला तिचं लहानपण सांगत राहिल्या. पोरीला एक अक्षर कळत नव्हतं, पण ती त्यांच्या ओठांकडं बघत राहिली. यशपाल चपला घालून बाहेर निघून गेला.

पाहुणे परतल्यावर अक्कम्मानं विचारलं, आता तरी मोरीशी बोलणं थांबलं का?

"मोठी गेली इमानात बसून," मीनाबाई म्हणाल्या. "धाकटी कुटं जाईल? तिला इंग्रजी येत न्हाय."